चालू दगडखाणीचं भूशास्त्रीय मोल कसं ठरवायचं? (विटा-भिवघाट)

खडीवाली_विटा:
मामाच्या खाणीवर मी हिशेब बघते. पास फाडणं, ब्रास (शंभर घनफुटांचं माप) मोजणं, डंपरवाल्यांशी हुज्जत घालणं. बी.एस्सी.ला भूशास्त्र होतं, दुसऱ्या वर्षानंतर सुटलं. खाण विट्याहून भिवघाटाकडे जाताना माळावर आहे. गेल्या महिन्यात पूर्वेच्या कोपऱ्यात सुरुंग उडवला आणि चाळीसेक फुटांची ताजी भिंत उघडी पडली. वर काळी माती नि मुरूम, मग कोनाकोनांचे उभे खांब असलेला काळा कातळ, त्याखाली दीड फुटाचा विटकरी लाल पट्टा, आणि पट्ट्याखाली भोकाभोकांचा ठिसूळ दगड, भोकांत पांढऱ्या गारगोट्या. मामाला दिवाळीनंतर पोकलेन तिथेच घालायचंय. मी म्हटलं, हा कोपरा मोलाचा असेल. तो म्हणाला, "मोल म्हणजे किती रुपये ब्रास?" यावर काय बोलायचं? गावात तर याला चुनखडीची खाण म्हणतात, तेही खरं का?

आडाचं_पाणी (कोरेगाव):
आधी चुनखडीचं बघू. काळ्या मातीत जे पांढरट खडे लागतात ते कंकर, मातीतलं पाणी सुकताना साचलेला चुना. जुन्या लोकांनी तेच भट्टीत भाजलं, घाण्यात मळलं नि वाडे बांधले, म्हणून गावाच्या तोंडी नाव राहिलं. पण खाणीतला दगड बेसॉल्टच, म्हणजे लाव्हा निवून झालेला काळा कातळ, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. सांगली-साताऱ्यात सिमेंटवाला येऊन खणेल अशी चुनखडी नाही.

आता लाल पट्टा. खालचा लाव्हा निवला, ऊन-पाऊस खाऊन त्याच्या वरच्या अंगाची माती झाली, मग लाव्हाचा दुसरा लोट आला आणि ती भाजून निघाली. म्हणजे दोन लोटांमधला रिकामा काळ तुमच्यासमोर दीड फूट जाडीचा उभा आहे. मी भूजल खात्यात नोकरी केली. हा पट्टा बघायला मला दोराला धरून विहिरीत उतरावं लागायचं, कारण त्याच्यावर पाणी अडतं नि तिथूनच पाझरतं. तुम्हाला तो सुरुंगानं आयता उघडून दिलाय!

पण नुसत्या लाल पट्ट्यावर हुरळू नका, घाटरस्त्यांना ते हवे तेवढे दिसतात. वरच्या कातळाच्या अगदी बुडाशी पेन्सिलीएवढ्या उभ्या नळ्या आहेत का ते बघा. पायाखालच्या ओल्या जमिनीची वाफ वर चढली त्याच्या त्या खुणा. सगळ्या एकाच अंगाला कलल्या असतील तर लाव्हा कुठल्या दिशेला वाहिला तेही कळतं. खांब, नळ्या, भाजलेली माती आणि खालच्या लोटाचा भोकाभोकांचा माथा हे सगळं एकाच ताज्या भिंतीत असेल, तर मी त्याला मोल म्हणेन. घाटातल्या कड्यांवर शेवाळ नि पावसाचा काळपटपणा असतो, इतकं स्वच्छ तिथं दिसत नाही.

परत_कराडात:
मी चंद्रपूरकडे सिमेंटच्या चुनखडी खाणीत आठ वर्षं नमुने काढले. तिथला खडक तुमच्या कातळाहून कितीतरी जुना, अब्ज वर्षांच्या घरातला. पण त्याचं मोल ठरायचं लॅबच्या कागदावर. सुरुंगाच्या भोकातली भुकटी पाठवायची, कॅल्शियम ऑक्साइड साधारण बेचाळीस टक्क्यांच्या खाली आला की तो दगड हिशेबातच नाही. एकदा एका बेंचवर (खाणीत पायरीसारखा कापलेला टप्पा) गुलाबी-करडा, पानं सुटावीत तसा पट्टेदार थर लागला. मी मोबाइलवर एक फोटो काढला नि दोन दिवसांत तो थर क्रशरमध्ये गेला. फोटोत ना मोजपट्टी, ना तारीख, ना उत्तर कुठली. आज तो माझ्या बायकोलाही दाखवण्यालायक नाही.

म्हणून सांगतो, भिंत राखायची का ते नंतर बघा. सुरुंग लागणार नाही अशा जागी पक्क्या दगडावर रंगाचा ठिपका मारा. प्रत्येक ब्लास्टनंतर तिथूनच फोटो घ्या, भिंतीशेजारी फुटांच्या खुणा केलेली काठी उभी करून. भिंत मागे सरकेल तशी पावाच्या कापासारखी एकेक चकती मिळत जाईल. बंद खाणीत हे जमत नाही, एका पावसात पाणी भरतं नि खालचा निम्मा भाग तळ्यात जातो. तुमचा लाल पट्टा नेमका खालीच आहे.

गारगोटी_गोळा:
गारगोट्यांवर पातळ ॲसिडचा थेंब टाका. फसफसली तर कॅल्साइट. नाही फसफसली, चाकूनं ओरखडली आणि मोत्यासारखी चमकली तर स्टिल्बाइट किंवा त्याच्या भावकीतलं झिओलाइट. चाकूला दादच दिली नाही तर क्वार्ट्झ. पुण्याच्या वाघोलीतल्या खडीच्या खाणीतून कॅव्हन्साइट नावाचं निळं खनिज जगभर गेलं, तेव्हा खडीची खाण म्हणून नाक मुरडू नये. पण खनिजांचे दलाल आले की भिंतीचा विचार संपतो, हे मी पाहिलंय. आणि सैल कड्याखाली वाकून गारगोट्या उपटू नका, माझ्या खांद्यात अजून कळ येते.

खडीवाली_विटा:
आज सकाळी मशीन बंद असताना लांबून दुर्बिणीनं बघितलं. नळ्या आहेत! सगळ्या उत्तरेला कललेल्या वाटतात, पण डोळ्याचं काय सांगावं. पडलेल्या तुकड्यातली एक गारगोटी फसफसली, दोन नाही.

मामाशी मात्र मी भूशास्त्राचं बोललेच नाही. मागच्या वर्षी लाल माती मिसळलेली खडी रस्त्याच्या ठेकेदारानं परत पाठवली होती, वाहतूक आमच्या अंगावर बसली, त्याची पावती समोर ठेवली. शिवाय खालचा भोकाचा दगड क्रशरला भुगा होतो, ते त्यालाच माहीत. पावती दोनदा वाचून म्हणाला, "तो कोपरा तसाही तोट्याचाच." तीस फूट लांबी सोडायला तयार झालाय, लीज संपेपर्यंत. पुढचं पुढे.

परत_कराडात, ठिपका पांढरा मारू का पिवळा? इथं धुळीत पांढरा दिसणार नाही. आणि आडाचं_पाणी काका, रविवारी याल का? काठी धरायला माणूस आहे, नळ्या मोजायला नाही.