कॅलरी मोजणं तीन-चार आठवड्यांत सुटतं. वाटपाच्या स्वयंपाकात ते टिकवायचं कसं?

पडवीतून

वय ३८, उंची १५८ सेंमी, वजन ७२ किलो, काम बैठं. घर गुहागरजवळ, माणसं चार, सगळ्यांचा स्वयंपाक एकच. ॲपमध्ये रोजचं लिहायला घेतलं की तीन-चार आठवडे नेटाने चालतं, मग बंद. अडतं ते तीन ठिकाणी. 'फिश करी' शोधलं की दहा नोंदी आणि दहा वेगळे आकडे. वाटप घातलेल्या आमटीतलं किती खोबरं माझ्या वाटीत आलं, ते कळत नाही. आणि रविवारचे मासे, संकष्टी, पाहुणे यात एक दिवस चुकला की पुढचे चार दिवस ॲप उघडावंसंच वाटत नाही.

दिवसाला किती खायचं आणि हे सहा महिने चालेल असं कसं बसवायचं? 'जिद्द ठेवा' सोडून काहीही सांगा.

तांबडीमाती

आधी तुमचा आकडा काढू. मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र बायकांसाठी असं: वजन × १०, अधिक उंची × ६.२५, वजा वय × ५, वजा १६१. तुमचं ७२० + ९८७.५ − १९० − १६१, म्हणजे साधारण १३५५. हा नुसता पडून राहण्याचा खर्च. बैठं काम आणि घरातली हालचाल धरून १.४ ने गुणा: १९०० च्या आसपास. त्यातून ४०० वजा करून १५०० वर राहा. १२०० वगैरे धरू नका. बहुतेकांची वही तिसऱ्या आठवड्यात बंद पडते ती तिथेच, कारण संध्याकाळी पाचला पोटात कावळे ओरडायला लागतात आणि मग फरसाणाचा डबा उघडतो.

आता मुख्य मुद्दा. सगळं सारख्याच काटेकोरपणे मोजायला जाता म्हणून कंटाळा येतो. आपल्याकडच्या जेवणात कॅलरी तीन जागी बसलेल्या असतात: तेल, खोबरं आणि भात-भाकरी. या तिन्हींचं वजन करा. लाल माठ, पडवळ, दुधी, काकडी, कोकम, चिंच, मिरची यांच्या मागे लागू नका, दिवसाचे सरसकट ६० धरून मोकळे व्हा. कोथिंबीर किती ग्रॅम हे लिहिणारा माणूस महिनाभर टिकत नाही.

वाटपाचा हिशोब असा. पातेलं रिकामं असताना एकदाच वजन करा आणि तो आकडा फडताळाच्या दाराला आतून चिकटवा. मग रश्शात काय गेलं ते लिहा. समजा ओलं खोबरं १२० ग्रॅम, तेल २० ग्रॅम, एक कांदा, धने-मिरची. ओल्या खोबऱ्याचा आकडा तक्त्यागणिक १०० ग्रॅमला ३५० ते ४५० असा हलतो, कारण नारळ किती जून त्यावर त्यातलं तेल ठरतं. ४०० धरा आणि कायम तोच ठेवा. खोबऱ्याचे ४८०, तेलाचे १८०, बाकीचे ६०. एकूण ७२०. शिजल्यावर पातेल्यासकट वजन, वजा रिकामं पातेलं, वजा मासे. रस्सा एक किलो भरला तर १०० ग्रॅमला ७२, १५० ग्रॅमची वाटी १०८.

मासा रश्शात मिसळून मोजू नका, तुकडे वेगळे धरा. बांगड्याचं डोकं-काटे तुम्ही खात नाही, पण वजनात ते येतात. ताटात घेताना वजन, जेवून झाल्यावर काट्यांचं वजन, वजाबाकी केली की झालं. दोनदा-तीनदा केलंत की घरच्या नेहमीच्या आकाराचा बांगडा किती भरतो ते बसतं, मग परत करायची गरज नाही.

असं एकेका पदार्थाचं एकदाच करा. कुठल्याही घरात फिरून फिरून वीस-पंचवीसच पदार्थ होतात: तिखलं, कालवण, काळ्या वाटाण्याचं सांबारं, डाळीची आमटी, घावन, आंबोळी, पेज. महिन्याभरात घरचा तक्ता तयार होतो. ॲपमध्ये 'माझे पदार्थ' असं काहीतरी असतंच, त्यात भरून ठेवा. मग 'फिश करी' शोधायचा प्रश्नच उरत नाही, आणि रोजचं लिहिणं दोन मिनिटांवर येतं. वही टिकते ती एवढ्यामुळेच.

काटा_शून्यावर

वरच्या हिशोबाला पुस्ती. आकडे चुकतात ते बहुतेक मोजण्याच्या पद्धतीत.

तेल चमच्याने मोजू नका. सपाट भरलेला मोठा चमचा १५ मिलि, म्हणजे १३-१४ ग्रॅम, १२० कॅलरी. पण हात कधी सपाट भरत नाही. बाटलीच वजनकाट्यावर ठेवा, शून्य करा, कढईत ओता, बाटली परत ठेवा. जो उणे आकडा दिसेल तेवढं तेल गेलं. तळणीलाही हेच: तव्यावर ओतलं किती, शेवटी उरलं किती. फरक भागिले तुकड्या. रव्यातली सुरमई आणि नुसती तिखट-मीठ लावलेली सुरमई यात तेल किती वेगळं पितं, ते दोन्ही एकदा करून बघा, ॲपवर विश्वासच राहणार नाही.

ताळा घ्यायचा तर महिन्याचा बाजार बघा. एक लिटर तेल म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम, ८२०० कॅलरी. चार माणसांत महिन्याला चार लिटर संपत असेल तर माणशी रोजचे २७० पेक्षा जास्त नुसत्या तेलाचे. वहीत रोजचे ९० दिसत असतील तर वही खोटं बोलतेय. नारळांचाही असाच ताळा घेता येतो.

भाताची नोंद शोधताना कच्चा की शिजलेला ते वाचा. कच्चे तांदूळ १०० ग्रॅमला ३५० च्या वर, शिजलेला भात १२५-१३०. इथे चुकलं तर आकडा जवळजवळ तिप्पट होतो किंवा तिसरा हिस्सा राहतो. उकड्या तांदळाचा भात मऊ असेल तर पाणी आणखी जास्त. म्हणून कच्चे तांदूळ मोजा (३०० ग्रॅम म्हणजे १०५०), शिजल्यावर सगळ्या भाताचं वजन करा (समजा ८४०), १०० ग्रॅमला १२५ आले. पेजेलाही हीच रीत. भाकरीला पीठ मोजा, भाजलेली भाकरी नको: ५५ ग्रॅम तांदळाच्या पिठाची १९५, तेवढ्याच नाचणीच्या पिठाची १८०. नाचणीने वजन उतरतं असं म्हणणाऱ्यांनी हा फरक बघावा. 😀

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे भारतीय अन्नघटक तक्ते वापरणार असाल तर एक सांभाळा, त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे. तांदळापुढे १५०० च्या आसपास आकडा बघून दचकायला होतं. ४.१८४ ने भागा.

काटा एक ग्रॅमचा, पाच किलोपर्यंतचा घ्या, म्हणजे पातेलं बसतं. मोजून अर्धा लिटर पाणी ओतलं की ५०० च्या जवळ यायला हवं. स्वस्त काट्यावर कढईत थेंब थेंब तेल सोडलं तर तो हलतच नाही, बारीक वाढ शून्यातच जिरवतो. बाटली उचलून मोजायचं आणखी एक कारण. आणि पावसात आपल्याकडच्या दमट हवेत सेलच्या पट्ट्यांना गंज चढतो, मग आकडा नाचतो. जून लागला की काटा झाकणाच्या डब्यात ठेवा, महिन्यातून एकदा पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसा.

मुचकुंदीपलीकडे

दोघांचं बरोबर आहे, पण हे सगळं सहा महिने करायचं म्हटलं तर मीही पळून जाईन. सुरुवातीचे तीन-चार आठवडे काटा, घरचा तक्ता तयार झाला की वाट्यांवर या. एक ठराविक वाटी, एक ठराविक डाव. दर महिन्याला तीन दिवस परत काटा काढा, कारण डाव हळूहळू भरगच्च व्हायला लागतो आणि भाकरी जाड होते. लक्षातही येत नाही.

चुकलेल्या दिवसाबद्दल. दिवसाचा हिशोब सोडा, आठवड्याचा धरा. १५०० × ७ म्हणजे १०,५००. सहा दिवस १४२५ ठेवले तर रविवारी १९५० मिळतात. त्यात तळलेली तुकडी, कालवण, भात, सोलकढी सगळं बसतं. रविवार मग चुकलेला दिवस राहत नाही.

तरीही सुटलाच एखादा दिवस, तर तो कोरा ठेवू नका. 'पाहुणे, अंदाजे २३००' एवढंच लिहा आणि पुढे चला. कोऱ्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी ॲप उघडायला नको वाटतं, चुकीचा आकडा लिहिलेला असला तर तसं होत नाही. दुसऱ्या दिवशी उपाशी राहून भरपाई मात्र करू नका, रात्री दुप्पट जातं.

संकष्टीला 'आज तर उपास' म्हणून वही मिटतात, हा मोठा घोळ. ७५ ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचा कूट, १० ग्रॅम तूप, अर्धा बटाटा: ५६० च्या पुढे. आणि चंद्रोदयानंतर मोदक आहेतच. १५० ग्रॅम पिठी, १५० ग्रॅम खोबरं, १२० ग्रॅम गूळ यात अकरा मोदक झाले तर एकेक १४५ चा, वर तुपाची धार ५ ग्रॅम म्हणजे ४५. तीन खा, पण लिहा.

लिहायची वेळ बदला. जेवून झाल्यावर लिहिणं म्हणजे जमाखर्च. सकाळी डब्याच्या वेळीच दिवसभराचं लिहून टाकलं तर काय उरलंय ते दिसतं, आणि चार वाजताच्या काजूंचा निर्णय तेव्हाच झालेला असतो. (मूठभर, ३० ग्रॅम काजू म्हणजे १६५. आंबा त्यापेक्षा परवडतो, मध्यम हापूसचा गर १०० च्या आसपास. आमरसात साखर घातली की गणित वेगळं.)

पडवीतून

हे कामाचं आहे, आभार. दोन शंका. रविवारनंतर सोमवारी काटा दीड किलो वर दाखवतो आणि तिथेच सगळा उत्साह जातो. आणि सोलकढीचं खोबरं कसं धरायचं? चोथा तर टाकून देतो.

तांबडीमाती

दीड किलो चरबी एका रविवारात चढायची तर नेहमीपेक्षा ११ हजारांहून जास्त कॅलरी खाव्या लागतील, कारण एका किलोला साधारण ७७०० लागतात. तुम्ही फार तर ८०० जास्त खाल्ल्या असतील. बाकीचं मीठ, पोटातलं अन्न आणि भाताबरोबर साठलेलं पाणी. सुकट, खारं आणि लोणचं झालं असेल तर आणखी. दोन-तीन दिवसांत उतरतं. पाळीच्या आधीही तसंच चढतं, म्हणून या महिन्याच्या वजनाची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी करा.

रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्याआधी वजन घ्या आणि सात दिवसांची सरासरी लिहा. सुटं वजन बघून काहीही ठरवू नका. पहिले दोन आठवडे पाणी उतरतं, ते हिशोबात नको. पुढच्या चार आठवड्यांत सरासरी १.२ किलोने उतरली तर १.२ × ७७०० ÷ २८, म्हणजे रोजची खरी तूट ३३०. तुम्ही ४०० धरली होती. ७० कुठेतरी निसटतायत, बहुधा तेलात किंवा चव बघताना. एवढं चालतं. तूट शंभराच्या खाली दिसली तर मात्र आठवडाभर काटा काढा.

पाच किलो उतरले की सूत्र परत मांडा, खर्च ७० ने कमी झालेला असतो. बरेच जण हे करत नाहीत आणि 'आता उतरतच नाही' म्हणून सोडून देतात.

सोलकढी: १०० ग्रॅम खोबऱ्याची चार ग्लास झाली तर ग्लासाला १०० धरा. चोथ्यात थोडं राहतं, पण ते वजा करायच्या भानगडीत पडू नका. पहिलं दाट दूध निघालं की बहुतेक तेल त्यातच उतरलेलं असतं.

वाशिष्ठीकाठ

एक गोष्ट राहिली. मधुमेहाला इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय भात-भाकरी एकदम कमी करू नका, साखर खाली घसरते. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोसही वजन उतरल्यावर बदलावा लागू शकतो. गरोदरपणात, अंगावर पाजत असताना हा प्रकार नकोच. आणि दुसऱ्याच्या घरी जेवायची भीती वाटायला लागली, खाल्ल्यावर अपराधी वाटायला लागलं, तर मोजणं तिथेच थांबवा आणि डॉक्टरांशी बोला.

भुकेचं कोणी बोललं नाही. १५०० मध्ये रोज ७५-८० ग्रॅम प्रथिनं बसवा, भूक बरीच आवरते. १०० ग्रॅम बांगड्यात १९-२० ग्रॅम मिळतात. ताजे बोंबील जवळजवळ पाणीच, त्यावर भिस्त ठेवू नका. सुक्या बोंबलाची नोंद वेगळी धरा, पाणी गेल्यावर त्याच वजनात कितीतरी पट भरतं. मासे नसतील त्या दिवशी दोन अंडी, मोड आलेली कडधान्यं, दही.

पडवीतून

औषध कुठलंच चालू नाही. बाहेरच्या खाणावळीतली माशाची थाळी लिहायची वेळ आली तर किती धरू?

काटा_शून्यावर

दोन भाकऱ्या, एक डाव भात, कालवण, एक तळलेली तुकडी, सोलकढी: ११००. मालवणी वडे असतील तर भाकरीच्या जागी धरून १३००. तिथे तेलाचा हात सैल असतो, त्यामुळे घरच्या आकड्यापेक्षा वरच राहा. रस्सा दुसऱ्यांदा घेतलात तर १२० वेगळे.