स्टेरॉइडचं मलम तुमच्या घरी कसं वापरतात? अनुभव लिहा

पाऊस लागला की कोल्हापुरात खाजेची तक्रार नाही असं घर सापडत नाही. ओले कपडे, दमट हवा, वर घाम. अशा वेळी घरात दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते स्टेरॉइडला हात लावू नका, दुसरी कपाटातली जुनी ट्यूब काढून कशालाही चोपडते. दोन्हीमुळं माणसं विनाकारण सोसतात असं माझं स्पष्ट मत आहे. योग्य ताकदीचं मलम योग्य जागी, डॉक्टरांनी सांगितलं तेवढे दिवस लावलं तर खूप आराम पडतो. तुमच्याकडं काय झालं ते लिहा, कुठं लावलं, कुणी सांगितलं, ट्यूबवर काय नाव होतं, सगळं.

एक आई, राजारामपुरी

लेकीला एक्झिमा आहे, म्हणजे कातडी कोरडी, लाल होऊन खाजायचा आजार, कोपराच्या आतल्या घडीत आणि गुडघ्याच्या मागं. रात्रभर खाजवायची, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. डॉक्टरांनी १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन दिलं तर सासूबाई अडून बसल्या, पोरीला स्टेरॉइड नको, कातडी पातळ होते. मग पुढच्या वेळी त्यांनाच दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर मॅडमनी स्वतःच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर, शेंड्यापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत मलमाची पट्टी काढून दाखवली आणि म्हणाल्या, आजी, हे झालं साधारण अर्धा ग्रॅम, मोठ्या माणसाचे दोन पंजे बोटांसकट झाकतील एवढ्या जागेला हे पुरतं, आणि पोरीला लावतानाही माप मोठ्या माणसाच्याच बोटाचं धरायचं. कातडी पातळ व्हायची भीती खरी आहे पण ती मुख्यतः जास्त ताकदीचं मलम महिनोन् महिने लावत राहिल्यावर, हे सौम्यातलं आहे. सासूबाईंना ते पटलं, आता त्याच माप काढून देतात. मॉइश्चरायझर मात्र रोज, मलम आणि त्याच्यात अर्धा तास सोडून. लाली गेली की मलम बंद, मॉइश्चरायझर चालूच. आणि ज्यांची पोरं अजून डायपरमध्ये आहेत त्यांनी तिथं विचारल्याशिवाय लावू नका, झाकलेल्या जागी औषध जास्त आत शिरतं.

तालमीतला एकजण

आमच्या धाकट्याला मांडीला गजकर्ण झालं. तालमीत एकाला झालं की पसरायला वेळ लागत नाही, अंगाला अंग घासतंय, टॉवेल कुणाचा कोण वापरतंय. दोस्तानं मेडिकलमधनं ट्यूब आणून दिली, दोन दिवसात खाज गायब, ह्यो खूश. बंद केली की डबल. परत लावली, परत डबल. असं करत करत चट्टा मांडीवरनं पोटावर आला आणि गंमत बघा, गजकर्णाची गोल कडा असती ती पण पुसट झाली, बघणाऱ्याला कळंना हे नक्की काय हाय. शेवटी सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी ट्यूब हातात घेऊन बारीक अक्षरातलं नाव वाचलं, क्लोबेटासोल, सगळ्यात जास्त ताकदीच्या गटातलं स्टेरॉइड, त्याच्यासोबत बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र. स्टेरॉइडनं लाली आणि खाज दबती पण कातडी बुरशीशी लढायची थांबती, बुरशी आपली आतल्या आत पसरत राहती, असं त्यांनी समजावलं. ह्याला नाव पण हाय, टिनिया इन्कॉग्निटो. ती ट्यूब बंद, नुसतं बुरशीचं औषध कित्येक आठवडे. सुरुवातीला खाज आणखी वाढली तवा लई वैतागला पण धीर धरला पोरानं. लंगोट रोज धुऊन उन्हात, टॉवेल वेगळा, आणि वस्तादांनी बाकीच्या पोरांनाही तपासून घ्यायला लावलं. ही गोष्ट सगळ्या तालमीत सांगितली पाहिजे भावांनो.

मेडिकलमध्ये काम करते, शाहूपुरी

वरचं वाचून राहवलं नाही. दिवसभर गिऱ्हाईक येतं, "खाजेची ट्यूब द्या". २०१८ मध्ये केंद्र सरकारनं १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत, तरी लोक भांडतात. सगळ्यात जीव तुटतो तो लग्न ठरलेल्या मुली गोरं व्हायला मोमेटासोन हे स्टेरॉइड असलेलं क्रीम मागतात तेव्हा. आधी चेहरा उजळतो, मग लाल पडतो, पुटकुळ्या येतात, बारीक लव वाढते, उन्हात आग होते, आणि सोडलं की आणखी भडकतं म्हणून सोडवत नाही. अशा मुलींना मी हात जोडून सांगते, स्वतः झटक्यात बंद करू नकोस, पण स्किनच्या डॉक्टरांकडं आजच जा.

उद्यमनगर

लेथवर कूलंटनं, म्हणजे मशीन थंड ठेवायच्या द्रवानं, हात फुटतात. मला जास्त ताकदीचं दिलंय, फक्त तळहातांना, थोडे दिवस. तळहाताची कातडी जाड म्हणून तिथं चालतं, तेच तोंडाला लावायचं नाही. वर प्लास्टिक गुंडाळायचं का हे डॉक्टरांना विचारूनच.

शिरोळ तालुका

वडिलांना गाजर गवताची ॲलर्जी. उसाच्या बांधावर गेले की मान, चेहरा, पापण्या सगळं सुजून लाल. मलमानं उतरायचं, पण गवत तिथंच, त्यामुळं पुन्हा पुन्हा तेच. आता पूर्ण बाह्या, मानेला उपरणं, घरी आल्या आल्या आंघोळ आणि कपडे वेगळे, बांध साफ करायला दुसरं माणूस. ह्यानं जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच ट्यूबनं पडला नव्हता. पापण्यांची कातडी फार नाजूक, तिथं स्टेरॉइड बरेच दिवस गेलं तर डोळ्यातलं प्रेशर वाढू शकतं, म्हणून डॉक्टरांनी तिथं टॅक्रोलिमस दिलंय, ते स्टेरॉइड नाही. पण लावलं की चुरचुरतं म्हणून वडील टाळतात. कुणाला अनुभव आहे का?

एक आई, राजारामपुरी

@शिरोळ, माझ्या दिराला तेच दिलं होतं. पहिले काही दिवस चुरचुरतं, मग कमी होत जातं. कातडी पूर्ण कोरडी झाल्यावर लावा, ओल्या तोंडावर जास्त झोंबतं. तरी आग थांबली नाही तर काकांना परत दाखवून घ्या.