विषय: जानेवारीत मुंबईहून मनाली, लहान गाडी बर्फासाठी कशी तयार करावी?

मुलुंडहून

नमस्कार मंडळी,

डेन्व्हर सोडून मुंबईत परतल्यानंतर मंडळाच्या यादीवर पहिल्यांदाच लिहिते आहे. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं, लेक आणि सासूबाई असे आमच्या स्विफ्टने मनालीला निघतोय. पुढे अटल बोगद्यातून सिस्सूपर्यंत जाऊन यायचं मनात आहे. गाडी पेट्रोल, मॅन्युअल, चार वर्षं वापरलेली, टायर १८५/६५ आर १५. कसारा आणि माळशेज सोडून तिने घाट पाहिलेला नाही. डेन्व्हरला फोर व्हील ड्राइव्ह होती आणि हिवाळी टायर दुकानातच चढवून मिळायचे. इथला गॅरेजवाला म्हणतो, "मॅडम, सर्व्हिसिंग करून देतो, काही होत नाही." तिकडे बर्फात गाडी चालवलेल्यांनी जरा नीट सांगाल का?

कळावे.

ठाण्याहून

ताई,

सर्व्हिसिंग करून घ्याच, पण तेवढ्यावर निघू नका. बर्फासाठी जे बघावं लागतं ते मुंबईत कोणी आपणहून बघत नाही, कारण इथे त्याची गरजच पडत नाही.

पहिला रेडिएटर. आपल्याकडे कूलंट कमी झालं की त्यात नळाचं पाणी ओततात. चार वर्षांत तुमच्या गाडीत पाणी किती आणि कूलंट किती उरलंय, कोण सांगणार? पाणी गोठताना साधारण ९ टक्क्यांनी फुगतं. रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीत ते फुगलं तर रेडिएटर जातो, आणि फारच वाईट झालं तर इंजिनच्या ब्लॉकला चीर पडते. म्हणून जुनं सगळं काढून, आतून धुवून, ग्लायकॉलचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरायला सांगा. हे मिश्रण उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही. काही कॅनमध्ये पाणी आधीच मिसळलेलं असतं, लेबल स्वतः वाचा, त्यात आणखी पाणी घालू देऊ नका. काच धुण्याच्या टाकीतलं साबणाचं पाणीही संपवून टाका आणि न गोठणारं वॉशर लिक्विड भरा.

बॅटरी चार वर्षांची असेल तर लोड टेस्ट करून घ्या. मुंबईच्या उकाड्याने ती आधीच थकलेली असते. थंडीत तिचा जोर आणखी घटतो आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेल्या ऑइलमुळे स्टार्टरला जास्त ताकद लागते. टेस्टमध्ये जरा जरी शंका आली तरी नवी घ्या.

आता टायर. यावर जास्त लिहितो, कारण बाकी काही बिघडलं तर गाडी उभी राहते, टायरची पकड सुटली तर गाडी उभी राहत नाही. ताशी ४० च्या वेगात ब्रेक दाबला की कोरड्या डांबरावर गाडी साधारण ८ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर त्याच वेगाला ३० मीटर लागतात, आणि गोठलेल्या पाण्याच्या थरावर ६० च्या आसपास. जूनच्या पहिल्या सरीत घोडबंदर रोडवर चाक कसं सरकतं ते तुम्ही पाहिलं असेल, तिकडे अख्खा घाट तसा असतो, उतारासकट.

आपल्या गाड्यांचे टायर उन्हाळ्यासाठी बनवलेले. ७ अंशांखाली त्यांचं रबर कडक व्हायला लागतं. हिवाळी टायरवर तीन शिखरं आणि हिमकणाची खूण असते, पण ते मुंबईत सहज मिळत नाहीत आणि एका ट्रिपसाठी परवडतही नाहीत. मग निदान नक्षी खोल हवी. आपला कायदा १.६ मिलिमीटर मागतो, तेवढ्यावर बर्फात जाणं धोक्याचं आहे. ऑस्ट्रियात हिवाळी टायरला किमान ४ मिलिमीटर लागतात, तोच आकडा धरा आणि कमी भरली तर पुढचे दोन नव्हे, चारही बदला. पुढे पकड आणि मागे गुळगुळीत अशी गाडी वळणावर मागून फिरते. हवा मनालीला पोचल्यावर सकाळी थंड टायरवर पुन्हा तपासा. पारा साडेपाच अंश उतरला की दाब साधारण १ पीएसआयने कमी होतो, म्हणजे मुंबईत भरलेली हवा तिथे उतरलेली दिसेल. बर्फात मुद्दाम हवा कमी करा असं कोणी सांगेल, ते करू नका.

लहान गाडी म्हणून घाबरायचं कारण नाही. स्विफ्टचं इंजिन पुढे, ओढणारी चाकंही पुढेच, म्हणजे वजन हवं तिथेच पडतं. अरुंद टायर बर्फ कापत खाली जातो, रुंद टायर वर तरंगतो. कमी पडते ती उंची. गाडीखाली १६३ मिलिमीटर जागा आहे, त्यामुळे चाकोरीच्या मधला बर्फ तळाला घासायला लागला की पुढे जायचं नाही.

चेन, म्हणजे बर्फात पकडीसाठी टायरवर चढवायची साखळी, मात्र हवीच. नेमक्या टायर साइझची, ९ मिलिमीटर कड्यांची घ्या, लहान गाडीत टायर आणि सस्पेन्शनमध्ये जाड चेनला जागा नसते. ती पुढच्या चाकांना लागते. आणि कृपा करून ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावून बघा, पुन्हापुन्हा, लेकीलाही शिकवा. गाठी सोडवून चेन जमिनीवर पसरायची, रंगीत केबलचा गोल चाकामागून सरकवायचा, वर आणून अडकवायचा, मग पुढचा हूक लावून ताणायची साखळी कड्यांतून ओवून घ्यायची. थोडं पुढे जाऊन थांबायचं आणि पुन्हा ताणायची, कारण ती हमखास सैल पडते. घरी हे सोपं वाटतं. तिकडे रस्त्याच्या कडेला, ओल्या चिखलात गुडघ्यावर बसून करताना पाचव्या मिनिटाला बोटांना हूक जाणवत नाही. लोकरी हातमोज्यांवर भांडी घासायचे रबरी मोजे चढवा, आणि गुडघ्याखाली घ्यायला गाडीतला जुना फूटमॅट ठेवा. चेनवर ताशी ३०-४० च्या वर जाऊ नका आणि डांबर उघडं लागलं की काढा.

चालवताना बेताने. दुसऱ्या गिअरमध्ये सुटा, उतारावर दुसराच ठेवा, ब्रेक वळणाच्या आधी. ब्रेक दाबल्यावर एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, पेडलखाली थडथडली तर पाय काढू नका. दिवसा वितळलेलं पाणी रस्त्यावरून वाहतं आणि उन्हं उतरली की गोठतं, सावलीच्या वळणांवर आणि पुलांवर तर आधीच. त्यामुळे दहा ते तीन एवढाच प्रवास धरा.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. बर्फात अडकलात आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवलं, तर आधी उतरून सायलेन्सरच्या तोंडाभोवतीचा बर्फ काढा, खिडकी बोटभर उघडी ठेवा, आणि इंजिन सलग चालवू नका. नळी बुजली की कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेत जातो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरीला बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसं गेली. पाणी, खाऊ, सासूबाईंची औषधं, ब्लँकेट आणि छोटं फावडं डिकीत नाही, आत हाताशी ठेवा.

आणि सिस्सू. बर्फ पडत असला की पोलीस मनाली आणि बोगद्याच्या मधल्या सोलंगच्या बाजूला फक्त फोर बाय फोर आणि चेनवाल्या गाड्या सोडतात. तुम्हाला चेनवर सोडलं तरी जाऊ नका, असं माझं मत आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते बोगदा या पट्ट्यात शेकडो गाड्या अडकल्या. तुमची चेन धरली तरी समोरची टॅक्सी मागे घसरत येते, तिचं काय करणार? त्या दिवशी स्विफ्ट मनालीत ठेवा आणि स्थानिक फोर बाय फोर करा. आकाश निरभ्र आणि रस्ता मोकळा असेल तर खुशाल स्वतः न्या.

वसईहून

काका, आमची डिझेल आहे, फेब्रुवारीत निघतोय. वेगळं काही?

ठाण्याहून

हो. थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल आणलं ते याचसाठी. मुंबईचं डिझेल टाकीत घेऊन वर चढू नका, वाटेत संपवत जा आणि डोंगरात हिवाळी डिझेल आहे का ते पंपावर विचारून भरा. रॉकेल मिसळा असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, बीएस ६ इंजिनाचे इंजेक्टर खराब होतील.

मुलुंडहून

काका, मनापासून आभार. कूलंट आणि बॅटरीसाठी शनिवारी गाडी देतेय. रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक ओढायचा ना?

ठाण्याहून

नको, ओल्या बर्फातून आल्यावर तो गोठून धरतो. पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, वायपर उभे करा. सकाळी काचेवर गरम पाणी ओतू नका, तडकते. चेनसाठी कुर्ल्याला सीएसटी रोडला जायच्या आधी मला फोन करा. माझ्याकडे एक जोड पडून आहे, बॉक्सवरच्या यादीत १८५/६५ आर १५ असेल तर घेऊन जा, आणि लावायची कशी ते मी तुमच्या पार्किंगमध्ये येऊन दाखवतो.