पाढे नंतर, आधी आकडा ऐकू कसा येतो ते बघा

वर एका दादांनी लिहिलंय की आपल्या सीमाभागातल्या मराठी शाळांची पोरं गणितात मागं पडतात, कारण पाढे पाठ नसतात. मला हे पटत नाही.

माझी भाची खानापूर तालुक्यात दुसरीला आहे. मी 'सत्तेचाळीस' म्हटलं की ती आधी ७ लिहिते, मग शेजारी ४. झाले ७४! शेजारच्या कन्नड अक्कांनी 'नलवत्तेळु' म्हटलं की मात्र बरोबर ४७. कन्नडमध्ये दशक आधी, एकक नंतर, अगदी लिहितो तसंच. मराठीत उलटं. आणि एकोणपन्नासमध्ये तर चाळीस ऐकूच येत नाही, बिचारीनं ४ आणायचा कुठून?

जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात. जर्मन बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांवरचा २००९ चा एक अभ्यास आहे. ऐकून आकडे लिहिताना झालेल्या चुकांपैकी जवळपास निम्म्या याच उलटापालटीच्या निघाल्या. महाराष्ट्रात २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात जुन्या शब्दांच्या जोडीला 'चाळीस सात' अशी रीत दिली, तर केवढा गदारोळ झाला! त्या वेळच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी या रीतीची बाजू मांडली; ती मला तेव्हाही पटली होती, आजही पटते.

पोराला 'ढ' म्हणण्याआधी वही उघडा हो. ६२ वजा ३८ चं उत्तर ३६ आलंय? म्हणजे त्यानं ८ तून २ काढलेत, लहान आकडा मोठ्यातून. ब्राऊन आणि बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्येच दाखवलं की अशा चुका नियम धरून होतात.

भाचीला मी सध्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आधी मांडायला लावते, सुट्या काड्या नंतर.