नाटकाचा सिनेमा करताना घराबाहेर पडायचं का?

तिसरी घंटा: नाटकावर सिनेमा म्हटलं की पटकथाकार आधी दोन-चार बाह्यदृश्यं घुसडतो. माझ्या मते नाटक तिथेच मरतं. टेनेसी विल्यम्सचं 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' घ्या (ब्रॉडवे, १९४७). दिग्दर्शक एलिया कझानने सिनेमासाठी नायिका ब्लांशचं मूळ गाव दाखवणारी पटकथा आधी करवून घेतली आणि बाजूला ठेवली. १९५१च्या सिनेमात बहुतेक सगळं तिची बहीण स्टेला आणि मेहुणा स्टॅनली यांच्या दोन खोल्यांतच घडतं. शिवाय सेटच्या भिंती चित्रपट पुढे जाईल तशा आत आणल्या. ब्लांशची कोंडी कॅमेऱ्याला दिसते ती त्यामुळे.

लाँगशॉट: अर्धंच सांगितलंत. सिनेमा रेल्वे स्टेशनवर सुरू होतो, बोलिंग ॲलीत जातो. आणि नवऱ्याच्या आत्महत्येबद्दल ब्लांश मिचला, म्हणजे तिच्याशी लग्न करू पाहणाऱ्या स्टॅनलीच्या मित्राला, सांगते, ते नाटकात घरात. सिनेमात पाण्याकाठच्या नाचघराबाहेर. तो मेला होता तोही नाचघराबाहेर, तळ्याकाठी! जागा बदलून प्रसंगाचं वजन वाढलंच. बिघडलं ते कारण बदलल्याने. नाटकात तो तिला दुसऱ्या पुरुषासोबत सापडतो. हॉलिवूडच्या प्रॉडक्शन कोडला (सिनेमात काय दाखवायचं याच्या तेव्हाच्या नियमावलीला) हे चालेना, म्हणून सिनेमात तो नुसताच दुबळा, कविता करणारा. मग तिला आयुष्यभर खाणारी टोचणी उभी कशावर राहणार?

तिसरी घंटा: कोडचं मान्य. शेवटही त्यानेच मोडला. नाटकात स्टेला स्टॅनलीच्या मिठीत राहते आणि शेवटचं वाक्य पत्त्यांच्या डावाचं असतं. किती निर्दय! सिनेमात ती बाळ घेऊन वरच्या मजल्यावर पळते, कारण ब्लांशवर बलात्कार करणाऱ्या स्टॅनलीला शिक्षा हवी. पण भांडणानंतर स्टेला जिना उतरून स्टॅनलीकडे परत येते तो प्रसंग बघा. स्टुडिओने स्टेलाचे क्लोजअप काढले, ॲलेक्स नॉर्थचं संगीत बदललं, आणि तिची वासना गायब. १९९३च्या, कापलेले भाग परत जोडलेल्या आवृत्तीत ते परत आलं. जागा तीच, जिना तोच, फरक शॉटचा.

प्रॉम्प्टर: दोघांनीही रंगसूचना नीट वाचलेल्या दिसत नाहीत 🙂 दहाव्या प्रवेशात घराची मागची भिंत पारदर्शक होते आणि रस्त्यावरची झटापट दिसते. म्हणजे विल्यम्स स्वतःच बाहेर पडतो, तेही बलात्काराच्या ऐन आधी. पडद्यावर ही युक्ती खोटी वाटली असती. कझानने तिथे आरसा फोडला आणि थेट रस्ता धुणाऱ्या पाण्याच्या पाइपवर कट मारला. बाहेर जायचं तर असं, एका शॉटपुरतं.

लाँगशॉट: म्हणजे बाहेर जायचंच ना!

तिसरी घंटा: पाइप चालेल. बोलिंग ॲली नाही.