ठाण्याचा फ्लॅट: नॉमिनी एक, वारस चार

नमस्कार मंडळी,
घोडबंदर रोडवरचा स्वकष्टार्जित फ्लॅट. वडील मृत्युपत्र न करता गेले. मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी. नॉमिनी धाकटा मुलगा. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर त्याचं नावही चढलं. इकडे अमेरिकेत ४०१(के)चे, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती बचतीचे, पैसे नॉमिनीचेच होतात, तसा फ्लॅट त्याचाच झाला का?

———

ताई, नाही झाला. ४०१(के)चा नॉमिनी फॉर्म मृत्युपत्रालाही भारी पडतो. घटस्फोटात हक्क सोडलेल्या बायकोचं नाव फॉर्मवर राहिलं होतं, तर प्लॅनने पैसे तिला दिले ते योग्यच, असं अमेरिकी सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये म्हटलं. तोच समज लोक ठाण्यात घेऊन जातात आणि भांडणं तिथून सुरू होतात.

आपल्याकडे नॉमिनी म्हणजे सांभाळणारा. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. सोसायटीच्या नॉमिनीला तर सहकार कायद्याचं कलम १५४ब-१३ वारस दाखल होईपर्यंतचा तात्पुरता सभासद मानतं. हिंदू वारसा कायद्याने इथे चौघांना प्रत्येकी चौथा हिस्सा. वडिलांची आई हयात असेल तर पाच वाटे. आजीला हटकून विसरतात आणि मग केलेली वाटणी मोडते.

आज करायचं काम: सोसायटीला लेखी हरकत, पोच घेऊन. सर्टिफिकेट दाखवून फ्लॅट विकायचा प्रयत्न होऊ शकतो, म्हणून सब-रजिस्ट्रारकडचा 'इंडेक्स-२' (नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा) पण काढा. समेट झाला तर हक्कसोडपत्र नोंदवलेलंच हवं, नुसतं नोटरी केलेलं चालत नाही. नाहीच जमलं तर ठाण्याच्या दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा, आणि त्यासोबतच विक्रीवर मनाई हुकुमाचा अर्ज. मनाई मागायला उशीर करू नका.

———

दादांच्या उत्तरात थोडी भर. सक्सेशन सर्टिफिकेट ठेवी आणि शेअरसाठी असतं, फ्लॅटला ते लागू नाही. फ्लॅटसाठी १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली कोर्टाचा वारस दाखला घ्या. चुकीचा अर्ज केला की कित्येक महिने फुकट जातात.

तुम्ही अमेरिकेत आहात, तर तिकडची कामं दुसऱ्याकडून करून घ्यायला मुखत्यारपत्र लागेल. ते भारतीय वकिलातीत करा, किंवा नोटरी करून अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का) घ्या. त्यात फ्लॅटचा पूर्ण पत्ता आणि हक्कसोडपत्रावर सही करून ते नोंदवण्याचा अधिकार स्पष्ट लिहा. "सर्व व्यवहार" एवढ्यावर नोंदणी अडते. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून ३ महिन्यांत मुद्रांक भरायचा, म्हणून कुरियरची पावती जपा. आणखी कोणाची वाशी-नेरूळकडची जागा सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीच्या) लीजवर असेल, तर त्यांच्या दप्तरात कोणाचं नाव आहे तेही आधी पाहून घ्या.