मदत हवी आहे : बुद्धिबळात हत्तींच्या अंतिम डावात प्यादं ए७ वर ढकलणं घाईचं ठरलं का?

क्लबच्या डावातली ही स्थिती पटावर मांडा. पांढरा : राजा एफ३, हत्ती ए८, प्यादी ए६, एफ२, जी३, एच४. काळा : राजा जी७, हत्ती ए२, प्यादी एफ७, जी६, एच५. चाल पांढऱ्याची.

डावात ए७ (ए६ चं प्यादं ए७ वर) खेळलं गेलं, आणि विजय तिथेच निसटला असं मला वाटतं. आता ए७ वर प्यादंच असल्याने पांढऱ्या राजाला शहांपासून त्या घराचा आडोसा नाही. तो बी६ वर आला की काळा हत्ती बी-पट्टीतून (बी१ ते बी८ या उभ्या रांगेतून) शह देतो, राजा हटला की परत ए-पट्टीत. काळा राजा जी७-एच७ करत बसतो. एफ-प्यादं हलवून तो चुकून एफ७ वर आला तरच पांढरा हत्ती एच८, आणि प्यादं ए८ वर वजीर व्हायची धमकी! मग काळ्या हत्तीने ए७ खाल्लं की एच७ वर शह, काळा हत्ती गेला.

प्रश्न असा : प्यादं ए६ वरच ठेवून राजा ई३, डी४, सी५, बी६ असा नेला तर? डी४ला एफ२ जातं, बी६ येईतो बहुधा जी३ही. पुढे काळ्याने ए-प्याद्यासाठी हत्ती दिला, तर पांढरा राजा इतका लांब असताना त्याचा एकटा हत्ती काळ्याची ती तीन प्यादी वेळेत रोखेल का? बी६ नंतर पांढरा हत्ती नेमका कुठे हलवायचा?

पटावर ११ मोहरी आहेत, त्यामुळे सात मोहऱ्यांचा टेबलबेस (सातपर्यंत मोहऱ्यांच्या स्थितींचे अचूक निकाल देणारा संगणकी साठा) इथे चालत नाही. इंजिनचा (बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रामचा) नुसता मूल्यांकनाचा आकडा नको, चालींचा क्रम द्या.